दारूबंदीचा अर्ज आणि वाइनचा ग्लास

(पेण व रोहा तालुक्यांतील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘दारू आणि बाई’ असा विषय छापला आहे. या विषयावर आपण साऱ्याजणी वर्षानुवर्षं बोलत आलो आहोत. नवऱ्याची दारू, मुलाची दारू, दुकान, हातभट्टी, पोलीस, अर्ज, मोर्चा. हे सगळं आपल्याला पाठ आहे. म्हणून आज मी या विषयाची अशी बाजू घेणार आहे, जिच्यावर आपण फक्त चहाच्या सुट्टीत, आवाज खाली आणून बोलतो. बाईने स्वतः, स्वतःच्या आवडीने, जेवताना वाइनचा ग्लास हातात घेतला, तर आपली चळवळ तिला कुठे बसवणार?

हा प्रश्न माझाही आहे. मी समाजकार्यात एम. ए. करून या भागात आले त्याला आता नऊ वर्षं झाली. पेण-रोह्याच्या वाड्यावस्त्यांवर माझं काम चालतं आणि त्यातलं निम्मं दारूशी झगडण्याचं आहे. आणि मला वाइन आवडते. वर्षातून एकदा नाशिकला जाऊन द्राक्षमळे बघायला, नव्या वाइनची चव घ्यायला, चांगल्या ठिकाणी बसून सावकाश जेवायला मला आवडतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसरीबद्दल मी माफी मागायला उभी नाही आणि तुम्हाला वाइनची शिफारस करायलाही नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आपल्या दारूविरोधाचा पाया नेमका कोणता हे तपासता येतं, म्हणून बोलते आहे.

आधी वाइनबद्दल थोडं सांगते, कारण आपल्याकडे या शब्दाचा फार घोळ आहे. ‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात व्हिस्की, रम, बिअर भरलेली असते, आणि वाइनच्या चार बाटल्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात. त्यामुळे गावात ‘वाइन’ म्हणजे बाटलीतलं काहीही. खरी वाइन म्हणजे द्राक्षाचा आंबवलेला रस. भट्टी लावून ती गाळत नाहीत. तिच्यात साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे बिअरपेक्षा जास्त आणि व्हिस्की-रमपेक्षा बरंच कमी.

महाराष्ट्रात हा उद्योग तसा नवा. १९८०च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फेसाळ वाइन करायला घेतली. १९९०च्या दशकाच्या अखेरीला राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला ‘सुला’ सुरू केली. पुढे नाशिक-दिंडोरी भागात एकामागून एक वाइनरी उभ्या राहिल्या. द्राक्षाची वेल वर्षात दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. युरोपात वाइनच्या द्राक्षांची तोडणी पावसाळी गारव्याच्या तोंडावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे ती जानेवारी ते मार्चमध्ये येते. त्याच दिवसांत नाशिकला पाहुण्यांची गर्दी होते. २००८ पासून भरत आलेला ‘सुलाफेस्ट’ फेब्रुवारीच्या सुमारासच असायचा. गाणं-बजावणं, खाण्याचे स्टॉल, मोठ्या टपात पायांनी द्राक्षं तुडवण्याचा खेळ, असं सगळं. एरवीही वाइनरीत चव घेण्याची सोय असते. रांगेने चार-सहा ग्लास मांडतात, प्रत्येकात घोटभर वाइन. आधी रंग बघायचा, मग ग्लास फिरवून वास घ्यायचा, मग जिभेवर घोळवायची. शेनँ ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ या पांढऱ्या, शिराझ, कॅबर्ने या लाल. लाल रंग द्राक्षाच्या सालीचा. सालीसकट आंबवली तर लाल, साल आधीच काढली तर पांढरी.

पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला सर्वांत जास्त काय आवडलं असेल, तर तिथल्या मुलीने विचारलेला प्रश्न. “मॅडम, तुम्हाला यात कसला वास आला?” मी म्हटलं, पेरूचा. ती म्हणाली, बरोबर, काहींना पेरूचा येतो, काहींना ओल्या गवताचा. मैत्रिणींनो, आपण जन्मभर जिभेने मीठ-तिखट बघतो, ते दुसऱ्यांच्या ताटासाठी. नैवेद्याचा दिवस असेल तर तेही बघायचं नाही, अंदाजाने घालायचं. तुला काय चव लागली, तुला काय आवडलं, असं बाईला कोण विचारतं? हा प्रश्न विचारणारं एखादं ठिकाण असावं आणि तिथे आपल्याच पैशाने जाता यावं, यात मला मोठं सुख वाटलं. चवीतलं हे ज्ञान पुरुषांचंच असतं असंही नाही. ‘मास्टर ऑफ वाइन’ ही जगातली फार अवघड मानली जाणारी पदवी पहिल्यांदा मिळवणारी भारतीय व्यक्ती बाईच आहे, सोनल हॉलंड, २०१६ साली. आणि आपल्याच किनाऱ्यावर, पालघर जिल्ह्यात बोर्डीला, प्रियंका सावे यांनी चिकूपासून वाइन करून दाखवली.

पण कार्यकर्तीचे डोळे घरी ठेवून जाता येत नाहीत. नाशिकच्या मळ्यांत द्राक्षं तोडायला पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी बायका येतात. पहाटे काम सुरू, कारण ऊन चढल्यावर फळ तापतं. पाहुणे अकरा वाजता येतात तेव्हा त्या बायकांचं निम्मं काम झालेलं असतं. त्या जाळीच्या पलीकडे, आपण अलीकडे. हॉटेलात एका ग्लासाला जे पैसे पडतात, त्यात आपल्या वाडीतल्या बाईची दिवसाची मजुरी निघते. पायांनी द्राक्षं तुडवण्याच्या टपाभोवती फोटो काढायला झुंबड असते. तोडणाऱ्या हातांचा फोटो कोणी काढत नाही. हे बघूनही मला वाइनची चव आवडते. आणि चव आवडते म्हणून हे दिसायचं थांबत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. रायगडात द्राक्षाचे मळे नाहीत. पण मद्य कोणाचं कायदेशीर आणि कोणाचं बेकायदा, ही कहाणी आपल्याच मातीत घडलेली आहे. १९व्या शतकात, आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या. जंगलपट्टीत ठाकर, कातकरी घरापुरती मोहाची दारू गाळत. किनाऱ्यावर भंडारी माडी-ताडी काढत. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला आणि दारू गाळण्याचा-विकण्याचा हक्क सरकारने ठेकेदारांना दिला. ताडाच्या झाडांवर कर बसला. तरीही लोक घरी गाळतात म्हणून १८९२ साली मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला, आणि तो ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यांसाठी होता. फुलं घरात बाळगण्यावर निर्बंध आले. रानात झाडाखाली पडलेलं फूल ओच्यात गोळा करणारी बाई गुन्हेगार ठरू लागली. सरकारला लोकांचं पिणं बंद करायचं नव्हतं. लोकांनी ठेकेदाराच्या दुकानातून, कर भरून प्यावं, एवढंच पाहिजे होतं.

शंभर वर्षांनी काय झालं? २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून इथेच केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात दहा वर्षांची माफी दिली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क उभारले. द्राक्ष आंबवलं तर तो प्रक्रिया उद्योग, आणि मोह आंबवला तर ती हातभट्टी. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे तो वारसा झाला. आपल्याकडे मोहाच्या वाट्याला छापे आले.

मी हातभट्टीची बाजू घेते आहे असं कृपा करून कोणी समजू नका. आज वाड्यांवर मिळते ती आजीच्या हातची मोहाची दारू नाही. गूळ, नवसागर आणि त्यात आणखी काय काय पडतं ते गाळणाराच जाणे. २०१५च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. मेलेल्यांत बहुतेक हातावर पोट असणारे होते आणि मागे उरलेल्या बायका होत्या. माझं म्हणणं एवढंच की कायदा दारूला एका मापाने मोजत नाही. पिणाऱ्याची जात, त्याचा खिसा आणि त्याचा पत्ता बघून तो मोजतो. आपण तरी एका मापाने मोजणार का?

२०२२च्या जानेवारीत सरकारने ठरवलं की शंभर चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायची. केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. एक बाजू म्हणाली, शेतकऱ्याचं भलं होईल. दुसरी म्हणाली, संस्कृती बुडेल. वाइन ही दारूच नाही, असंही सांगून झालं. या सगळ्यात बाईला कोणी काही विचारलं का? एका बाजूने ती संस्कृती सांभाळणारी, दुसऱ्या बाजूने ती शेतकऱ्याच्या घरची लक्ष्मी. तिचं मत असू शकतं, तिची चव असू शकते, तिला धोका असू शकतो, यातलं काहीच चर्चेत नव्हतं.

म्हणून ते आपणच सरळ बोलू. वाइन ही दारूच आहे. तिच्यात तेच अल्कोहोल आहे. थोडी वाइन हृदयाला चांगली, असं पूर्वी छापून यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. अल्कोहोलने स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो आणि ही आपल्या सगळ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट आहे. गरोदरपणात तर थेंबही नको. मी वाइन घेते ती औषध म्हणून नाही, आवड म्हणून. धोका माहीत असून, मोजून, जेवणाबरोबर. ती माहिती प्रत्येकीला मिळाली पाहिजे आणि मग निर्णय तिचा तिने घेतला पाहिजे.

निर्णय तिचा, असं म्हणणं सोपं आहे. जरा मुंबई-गोवा रस्त्यावर वडखळपासून पुढे येत पाट्या वाचा. ‘फॅमिली रूम वेगळी.’ फॅमिली म्हणजे कोण? बाई. आणि बाई म्हणजे कोणा तरी पुरुषाबरोबर आलेली. दोघी-तिघी बायका जेवायला शिरल्या की वेटर मागे बघतो, अजून कोणी यायचंय का? अशाच एका ठिकाणी आम्ही तिघी सुरमई खायला गेलो होतो. मी वाइन आहे का विचारलं. वेटरने मालकाकडे पाहिलं, मालकाने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “लेडीजना देत नाही.” कायद्यात असं काहीही नाही. दारूबंदीच्या १९४९च्या कायद्याखाली परवाना लागतो तो बाप्यालाही लागतो आणि बाईलाही. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची, ती दोघांनाही सारखीच. मालकाने कायदा स्वतःच केला होता. पलीकडच्या टेबलावर चौघे पुरुष दुपारी दोन वाजता टेबलं बडवत होते, त्यांना तो देत होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशात पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांत एकोणीस दारू पिणारे निघाले, बायकांत शंभरात एक. म्हणजे दारूच्या नावाने होणारा त्रास कोण देतं आणि कोण सोसतं हे उघड आहे. तरी बोट उठतं ते त्या एकीवर. एकोणीस जण पितात ती सवय म्हटली जाते, आणि ही एक प्यायली की तिच्या चारित्र्याची चर्चा होते.

आणि हे बोट आपल्या कामाच्या आड कसं येतं ते सांगते. रोहा तालुक्यातल्या एका गावात परवाना असलेलं देशी दारूचं दुकान आहे. गावाला लागून दोन कातकरी वाड्या. तिथल्या बायकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. रीत तुम्हाला माहीत आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान पंचवीस टक्के जणींच्या सह्या लागतात. सह्यांची पडताळणी होते, मग मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आम्ही सह्या गोळा करत होतो. दिवस पोपटीचे होते. बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते, आपल्या भागात थंडीत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी असं मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून भरतात आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. ती पोपटी. शेतावर रात्री पोपटी लावायची आणि बाटल्या उघडायच्या, हा पुरुषांचा कार्यक्रम. त्या वर्षी आम्ही सहाजणींनी एका मैत्रिणीच्या परसात पोपटी लावली. नाशिकहून आणलेली शेनँ ब्लाँची एक बाटली होती. सहाजणींत एक बाटली, म्हणजे प्रत्येकीला सव्वाशे मिलिलिटर. भांबुर्डीच्या वासाच्या शेंगा आणि ती थंडगार वाइन, फार चांगला मेळ जमला होता.

चौथ्या दिवशी गावात बोललं जाऊ लागलं की दारूबंदीवाल्या बाया स्वतः पितात. दुकानवाल्याने ते घरोघर पोचवलं. काही जणी सही देताना मागे सरल्या. आमच्यातल्याही एक-दोघींचं म्हणणं पडलं की आता हे नाकारून टाकावं. मी वाडीवर बैठक बोलावली आणि झालं ते होतं तसं सांगितलं. किती जणी होतो, काय घेतलं, किती घेतलं, पैसे कोणाचे. थोडा वेळ कोणी बोलेना. मग एक म्हातारी कातकरीण, जिने आधीच सही दिली होती, म्हणाली, “तू पिलीस त्यानं माजी हांडी नाय फुटली. माजी हांडी फोडली त्याचा बोल.” दुसरी म्हणाली, “आम्ही पन सनाला घेतो. दुकानवाला काय नवा सांगतो?” त्या संध्याकाळी उरलेल्या सह्या झाल्या.

या दोघींनी जे सांगितलं ते आपल्या चळवळीने नीट ऐकलं पाहिजे. आपल्या दारूविरोधात दोन धागे मिसळलेले आहेत. एक धागा शुद्धतेचा. १९३०च्या सत्याग्रहात दारूच्या दुकानांवरच्या निदर्शनांचं काम गांधीजींनी खास करून स्त्रियांवर सोपवलं. बाया त्यानिमित्ताने हजारोंनी घराबाहेर पडल्या, त्याचं मोल मोठं आहे. विनोबांचं गागोदे तर आपल्या पेण तालुक्यातलंच, तो वारसा आपल्याला जवळचा आहे. पण त्या विचारात बाई पवित्र आणि म्हणून ती पुरुषाला सुधारणार, असं धरलेलं असतं. म्हणजे तिचा हक्क तिच्या पावित्र्यावर टांगलेला. पावित्र्याला धक्का लागला की हक्क गेला. दुकानवाल्याने नेमकी तीच दोरी ओढली.

दुसरा धागा वेगळा आहे. १९७२च्या सुमाराला शहाद्याकडे श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायकांनी दारूचे गुत्ते फोडले, मडकी फोडली, मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. १९९२ साली आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी अरक विकणाऱ्यांना गावातून हाकललं आणि ते आंदोलन राज्यभर पसरलं. या बायकांच्या मनात पहिली गोष्ट मजुरीची होती आणि दुसरी मारहाणीची. घामाचे पैसे दुकानात जातात आणि रात्री पाठीवर वळ उठतात, हे थांबलं पाहिजे. त्यात कोणाच्या जिभेला काय लागलं याचा हिशोब नव्हता. आंध्रात संपूर्ण दारूबंदी १९९५ साली आली आणि महसुलाचं कारण पुढे करून १९९७ साली ती उठवलीही गेली. सरकारचं मन बदललं तरी बायकांचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

मी या दुसऱ्या धाग्याची आहे. म्हणून दारूची तक्रार घेऊन कोणी आली की मी तीन गोष्टी विचारते. पैसा कोणाचा आणि तो कोणत्या खर्चातून काढला? पिण्याला किंवा न पिण्याला तुझी मर्जी चालते का? आणि पिऊन झाल्यावर काय होतं, कोण मार खातं, कोण उपाशी झोपतं, कोण ओकारी पुसतं? या तीन प्रश्नांत दारूचं नाव येत नाही. ते महागड्या इमारतीतल्या स्कॉचलाही लागू पडतात आणि वाडीतल्या पिशवीतल्या दारूलाही. माझ्या ग्लासालाही लागू पडतात. उद्या माझ्या घरातल्या कोणाच्या वाट्याला माझ्या ग्लासामुळे धाक आला, तर तक्रार माझ्याविरुद्ध झाली पाहिजे.

एक कायद्याची गोष्ट इथेच सांगून ठेवते. मार खाल्लेली बाई सल्ला केंद्रात येते तेव्हा सासरचे हमखास म्हणतात, “ही पण पिते.” आणि आपल्यातल्या काहींचा चेहरा बदलतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही की बाईने कधी मद्य घेतलं असेल तर तिला संरक्षण नाही. तिला व्यसन असेल तर उपचार मिळायला हवेत, तो वेगळा विषय. मारहाण ही मारहाणच. आपल्या नोंदवहीत ‘ती पिते का’ असा रकाना असेल तर तो काढून टाका. ‘तिला उपचार हवेत का’ एवढं तिला विचारा.

आता त्या गावाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण आपलं पुढचं काम त्यातच आहे. सह्या पुरल्या, मतदान लागलं. पण ते लागलं फेब्रुवारीत. वाड्यांमधली निम्म्याहून जास्त घरं तेव्हा वीटभट्ट्यांवर असतात. दिवाळीनंतर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मतदानाला आलेल्या बायकांपैकी जवळजवळ सगळ्यांनी बाटली आडवी केली. तरी दुकान बंद झालं नाही. कारण नियमाला मतदान केलेल्या बायकांचं बहुमत चालत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. वीटभट्टीवर घमेलं उचलणारी बाई त्या दिवशी गैरहजर राहिली, आणि तिची गैरहजेरी दुकानाच्या बाजूने मोजली गेली. आमदार-खासदार निवडायला असा नियम लावला तर किती जण निवडून येतील?

म्हणजे बघा, द्राक्षाच्या मोसमात, फेब्रुवारीत, नाशिकला वाइनचा उत्सव भरतो आणि मी तिथे जाऊ शकते. त्याच फेब्रुवारीत कातकरीण भट्टीवर असते आणि आपल्याच गावातल्या दुकानाविरुद्ध तिला मत देता येत नाही. मला ग्लास घ्यायचा की नाही हे ठरवता येतं. तिला बाटली आडवी करायची की नाही हेसुद्धा ठरवता येत नाही. मला ही दरी बोचते. मी ग्लास सोडल्याने ती बुजणार नाही. तिचं मत मोजलं गेलं तर थोडी बुजेल.

म्हणून या शिबिरात मी चार ठराव मांडते. एक, आडव्या बाटलीचं मतदान स्थलांतराच्या महिन्यांत लावू नये आणि निकाल प्रत्यक्ष मतदान करणाऱ्या बायकांच्या बहुमताने ठरावा, अशी मागणी दोन्ही तालुक्यांतल्या मंडळांनी एकत्र करावी. दोन, वीटभट्टीवर निम्मी उचल बाईच्या हातात द्यावी. उचल पुरुषाच्या हातात पडते आणि पहिला मुक्काम दुकानावर होतो, हे आपण जाणतो. तीन, सल्ला केंद्रांनी बाईच्या पिण्या-न पिण्यावरून तक्रारीचं वजन ठरवू नये. चार, द्राक्षमळ्यांतल्या तोडणी कामगार बायकांच्या मजुरीबद्दल आणि त्यांच्या पाळणाघराबद्दल नाशिकच्या संघटना जे काम करतात त्याला आपण जोडून घ्यावं. वाइन आवडणाऱ्या माझ्यासारख्या शहरी-निमशहरी बायकांनी तर नक्कीच. वाइनरीत गेल्यावर द्राक्षाची जात विचारतो तशी तोडणाऱ्या बाईची मजुरीही विचारावी.

पहिल्या ठरावाचं काम लगेच सुरू करता येईल. नियम बदलायला वेळ लागेल, पण तारीख आपल्या हातात आणता येते. भातलावणी उरकली की श्रावण-भाद्रपदात सगळ्या वाड्या भरलेल्या असतात. त्या गावात पुन्हा अर्ज द्यायचा ठरलं आहे. सह्या जून-जुलैत घेतल्या, पडताळणीचा पाठपुरावा दर आठवड्याला केला, तर दिवाळीच्या आत मतदान होऊ शकतं. त्यासाठी घरटी यादी करायला दोन्ही तालुक्यांतून वीस जणी हव्या आहेत. ज्यांना येता येईल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्यावं. आणि ज्यांना माझं वाइनबद्दलचं म्हणणं पटलेलं नाही त्यांनीही जरूर यावं. भांडण वाटेत करू, एस. टी.ला दीड तास लागतो.